ज्याची भाकरी, त्याचं कुत्रं: रेबीज कुठे अडवता येतो आणि आपण कुठे हुकतो

ऑगस्ट 2025 पासून भटक्या कुत्र्यांवरून देशभर वाद पेटला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्टला दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका. मग 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला.

या सगळ्या चर्चेत कुत्र्यांचे दोनच प्रकार धरलेले असतात, पाळीव आणि भटकी. साताऱ्यात-सांगलीत तिसराच प्रकार जास्त दिसतो, वस्तीवरचं कुत्रं. मळ्यात गोठ्याच्या कडेला झोपतं, सकाळी शिळी भाकरी खातं, रात्री राखण करतं, दिवसभर मोकळं फिरतं. त्याला नाव असतं, पण गळ्यात पट्टा नसतो आणि लसीचं कार्डही नसतं. "कुणाचं आहे?" असं विचारलं तर "असंच आहे, येतं" असं उत्तर मिळतं. रेबीजच्या दृष्टीने खरी पोकळी इथे आहे. नगरपालिकेच्या गाडीला ते कुत्रं हाती लागत नाही आणि मालक म्हणून त्याला दवाखान्यात कुणी नेत नाही. जो त्याला रोज भाकरी घालतो, त्याच्याच हाताला ते लागतं, तोच त्याला धरून लस टोचून घेऊ शकतो. म्हणून लसीपुरता तरी तोच त्याचा मालक.

रेबीज शरीरात काय करतो

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावल्यावर तो जखमेत उतरतो. तिथे काही काळ स्नायूत थांबतो, मग जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने मेंदूकडे सरकतो. रक्तातून पसरत नसल्यामुळे रक्ततपासणीत त्याचा माग लागत नाही आणि शरीराच्या संरक्षणव्यवस्थेलाही त्याचा पत्ता उशिरा लागतो.

पाटाला पाणी सोडल्यावर ते टेलच्या रानात पोचायला वेळ लागतो, हे इकडे कुणाला सांगायला नको. रान जितकं लांब तितका वेळ जास्त. पायाला चावलं तर विषाणूला मेंदूपर्यंत लांबचा पल्ला आहे. तोंडाला, मानेला किंवा बोटांना चावलं तर धोका मोठा, कारण चेहरा मेंदूच्या जवळ आहे आणि बोटांत मज्जातंतूंचं जाळं दाट आहे. पाणी पाटात शिरायच्या आधी दारं बंद केलं तर रान वाचतं, रानात पाणी भरल्यावर दारं बंद करून उपयोग नसतो. जखम धुणं, सिरम (जखमेतच टोचायचं वेगळं इंजेक्शन) आणि लस ही तीन कामं म्हणजे दारं बंद करणं.

चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा एक ते तीन महिने जातात. कधी आठवड्यातही लक्षणं दिसतात, कधी वर्षाहून जास्त काळ जातो. सुरुवातीला ताप, अंगदुखी आणि चावलेल्या जागी मुंग्या येणं किंवा खाज सुटणं. पुढे पाणी पिताना घसा आवळतो, पंख्याचा वारासुद्धा सहन होत नाही, माणूस सैरभैर होतो. काहींना यातलं काहीच न होता हात-पाय लुळे पडत जातात. लक्षणं दिसल्यावर रुग्ण वाचवणारं खात्रीचं औषध जगात कुठेच नाही, आणि माणूस जवळपास नेहमीच दगावतो. मात्र लक्षणं दिसायच्या आधी पूर्ण आणि वेळेत उपचार झाले, तर हा आजार जवळपास नेहमीच टळतो. इतक्या टोकाच्या दोन शक्यता असलेले आजार फार थोडे आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त वेळ आहे.

माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळे होतात आणि दगावणाऱ्यांमध्ये सुमारे 40 टक्के मुलं 15 वर्षांखालची असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलं लहान असतात, त्यामुळे कुत्र्याचा चावा त्यांच्या तोंडावर किंवा डोक्यावर येतो. शिवाय रागावतील म्हणून पुष्कळ मुलं घरी सांगतच नाहीत. "कुत्रं चावलं, ओरखडलं तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही" हे वाक्य मुलांच्या कानावर आधीच घालून ठेवायला हवं.

पहिली पंधरा मिनिटं मोरीत

चावल्यावर लोक आधी गाडी शोधतात. त्याआधी नळाखाली किंवा मोटारीच्या पाण्याखाली जखम धरा. वाहतं पाणी आणि साबण, घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटं. या विषाणूभोवती चरबीचं वेष्टण असतं आणि साबण ते फोडतो. म्हणून अंगाचा, कपड्याचा, कोणताही साबण चालतो. जखमेच्या आतपर्यंत पाण्याची धार गेली पाहिजे, पण ब्रशने घासू नका. नंतर पोव्हिडोन आयोडिन असेल तर लावा. पट्टी घट्ट बांधू नका.

पंधरा मिनिटं वाटतात त्याहून बरीच लांब असतात. बहुतेक जण दोन मिनिटं धुऊन उठतात.

आता हळदीचं. सांगली हळदीची पेठ, त्यामुळे प्रत्येक घरात डबा भरलेला असतो आणि हात आपोआप तिकडे जातो. कुत्र्याच्या चाव्यावर हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल, झाडपाला यांपैकी काहीही लावू नका. यातल्या कशानेही विषाणू मरत नाही. उलट जखमेची आग होते, तिच्यात घाण साचते, आणि दवाखान्यात पुन्हा सगळं धुऊन काढण्यात वेळ जातो. जखम मोठी असली तरी टाके लगेच घालायचे नसतात. घालावेच लागले तर आधी सिरम आणि मग सैल टाके, हा क्रम डॉक्टर पाळतात.

लस वेगळी, सिरम वेगळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दोन्ही इंजेक्शनंच असतात, म्हणून लोक दोन्हींना "कुत्र्याचं इंजेक्शन" म्हणतात.

लस शरीराला प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज), म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक, तयार करायला शिकवते. त्याला साधारण एक-दोन आठवडे लागतात. सिरम म्हणजे तयार प्रतिद्रव्यं. ती थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात, म्हणजे लस कामाला लागेपर्यंत विषाणू तिथल्या तिथे अडवला जातो.

कुणाला काय द्यायचं, हे जखमेच्या श्रेणीवर ठरतं. कुत्र्याला हात लावला, खायला घातलं, धड कातडीवर त्याने चाटलं, ही पहिली श्रेणी. तिथे धुण्यापलीकडे काही लागत नाही. रक्त न येता नुसता ओरखडा उठला किंवा उघड्या कातडीवर दात घासला, ही दुसरी. तिथे लस लागते. रक्त आलं, दात आत घुसले, किंवा आधीच्या जखमेला अथवा तोंड-डोळ्याला लाळ लागली, ही तिसरी. तिथे लस आणि सिरम दोन्ही. लांडगा, कोल्हा, मुंगूस अशा रानटी जनावराच्या चाव्याला डॉक्टर सरळ तिसरी श्रेणी धरतात. माण-खटाव, आटपाडी, जत भागातल्या मेंढपाळांनी हे ध्यानात ठेवावं. विजारीवरून चावलं म्हणून "कापड होतं की मध्ये" असं म्हणून सोडून देऊ नका. विजार काढून कातडी बघा.

सरकारी दवाखान्यात लस सहसा कातडीच्या थरात देतात. दोन्ही दंडांवर 0.1 मिली, म्हणजे प्रत्येक वेळी दोन टोचण्या, आणि त्या चार वेळा: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. शून्य दिवस म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा, चावल्याचा नव्हे. 1 तारखेला पहिलं घेतलं तर पुढची 4, 8 आणि 29 तारखेला. टोचल्यावर जागच्या जागी मसुरीएवढा फुगवटा येतो आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. फुगवटा आलाच नाही तर सुई खोल गेली असं समजायचं, आणि परिचारिका शेजारी पुन्हा टोचते. खासगी दवाखान्यात स्नायूत देतात, ती 0, 3, 7, 14, 28 अशी पाच. स्नायूतली लस दंडावर आणि लहान बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. ढुंगणावर मात्र कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत लस नीट काम करत नाही.

सिरम वजनावर ठरतं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं किलोला 40 युनिट, माणसाच्या रक्तापासून केलेलं 20 युनिट. 15 किलोच्या मुलाला घोड्याचं सिरम 600 युनिट लागतं, म्हणजे साधारण 2 मिली. जखमा बऱ्याच असतील तर ते सलाइनमध्ये पातळ करून प्रत्येक जखमेत पोचवतात. एकही जखम सुटता कामा नये, म्हणून डोक्याच्या केसांत, काखेत, बोटांच्या बेचक्यात दाताचं निशाण आहे का, हे घरच्यांनी नीट पाहून डॉक्टरांना दाखवावं. लसीचा पहिला डोस झाल्यावर सातव्या दिवसापर्यंतच सिरम देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिद्रव्यं तयार होऊ लागलेली असतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते, पण सिरम असेलच असं नाही. रक्त आलेली जखम असेल तर निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर थेट ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. सिरम मिळत नाही म्हणून लस थांबवू नका. लस आज सुरू करा, सिरम दुसरीकडून मिळवा.

चावून पंधरा दिवस झाले, आता काय उपयोग? उपयोग आहे. लक्षणं दिसत नाहीत तोवर उशीर झाला म्हणून उपचार नाकारायचे नसतात. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला डोस घ्या आणि पुढे चला. पूर्वी पूर्ण उपचार झालेले असतील तर पुन्हा चावल्यावर 0 आणि 3 असे दोनच दिवस लस लागते, सिरम लागत नाही. म्हणून जुना कागद जपून ठेवा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, कुणालाही ही लस वर्ज्य नाही.

"पोटात चौदा इंजेक्शनं" ही धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती आणि 2005 पासून ती देशात वापरात नाही. पथ्यही काही नसतं. अंडी, मटण, वांगी, आंबट, तिखट, सगळं चालतं.

दहा दिवस कुत्रं बघायचं म्हणजे काय

कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो कुत्रं आजारी दिसायच्या फार तर काही दिवस आधी, आणि आजारी पडल्यावर ते थोड्याच दिवसांत मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. हा नियम फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे.

गैरसमज असा की दहा दिवस बघायचं आणि मग इंजेक्शन घ्यायचं. असं करू नका. इंजेक्शन आजच सुरू करायचं आणि कुत्र्यावर नजर ठेवायची. कुत्रं ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतात. आणि चावलेल्या कुत्र्याला काठीने मारून टाकू नका. मारलं की ही खात्री करून घ्यायची संधी जाते. ते बांधून ठेवा, खाणं-पाणी लांबून सरकवा. या काळात ते मेलं तर उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मेंदूचा नमुना तपासून रेबीजची खात्री करता येते, पण त्यासाठी मेलेलं जनावर लवकर त्यांच्या हाती पडावं लागतं.

"आमच्या कुत्र्याची सगळी इंजेक्शनं झालीत"

असं सांगणाऱ्याचं कार्ड उघडून बघा. पिल्लाला दिलेली सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन लस ही डिस्टेंपर, पार्व्हो अशा कुत्र्यांच्या आजारांसाठी असते. रेबीजची लस बहुतेक वेळा वेगळी टोचतात. कार्डावर "रेबीज" हा शब्द, तारीख, बॅच नंबरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही, हे सगळं असेल तरच ती झाली असं धरा.

पहिली रेबीज लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. त्याआधी आईकडून आलेली प्रतिद्रव्यं लसीला काम करू देत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, पुढे दरवर्षी. पहिल्या लसीनंतर संरक्षण यायला तीन-चार आठवडे जातात, म्हणून काल टोचलं आणि आज निर्धास्त, असं नसतं. गाभण कुत्रीलाही मृत विषाणूची ही लस देता येते. लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. मेडिकलमधून बाटली आणून दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून वस्तीवर नेली आणि ओळखीच्या कुणाकडून टोचून घेतली, तर कुत्र्याच्या अंगात सुई गेली, पण लस बहुधा वाटेतच वाया गेली. बाटली फ्रीजरमध्ये गोठली तरीही तेच. आणायचीच असेल तर थर्मासमध्ये बर्फ घालून, बाटली बर्फाला थेट टेकू न देता आणा.

वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी सोपा मार्ग म्हणजे आजूबाजूच्या पाच-सहा वस्त्यांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एक दिवस ठरवणं. सकाळी भाकरीच्या वेळेला कुत्री हाती लागतात, दुपारी लागत नाहीत. रोज खायला घालणाऱ्यानेच धरावं, तोंडाला सुती पट्टी बांधावी, आणि टोचल्यावर गळ्यात रंगीत पट्टा घालावा, म्हणजे कुठलं राहिलं ते लांबून कळतं.

लस घेतलेल्या आपल्या कुत्र्याला दुसरं पिसाळलेलं कुत्रं चावलं तर त्याचीही जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्याला पुन्हा लस द्यावी लागते. धुताना हातात मोजे घाला.

पिसाळलेलं ओळखायचं कसं

पहिली खूण म्हणजे स्वभाव बदलणं. प्रेमळ कुत्रं विनाकारण अंगावर येतं, किंवा चिडकं कुत्रं एकदम लाडात येतं. आवाज घोगरा होतो. लाकूड, माती, साखळी चावत सुटतं. काही कुत्री मात्र आक्रमक होतच नाहीत. अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. हा प्रकार जास्त फसवा, कारण "बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलंय" म्हणून माणूस तोंडात हात घालतो. पाण्याची भीती ही माणसातली खूण आहे, कुत्र्यात तिच्यावर विसंबू नका. आणि उन्हाळ्यातच कुत्री पिसाळतात हेही खरं नाही, बाराही महिने धोका सारखाच.

गाई-म्हशींचंही असंच. पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरून चावून जातं, कुणाला कळतही नाही. काही आठवड्यांनी म्हैस वैरण सोडते, सतत घोगरं हंबरते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. घशात काही अडकलंय असं वाटून आपण कोपरापर्यंत हात आत घालतो. धारा काढणाऱ्या, खुरपणाऱ्या हाताला भेगा असतातच, आणि त्यातून लाळ आत जाते. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका, आधी पशुवैद्यक बोलवा. 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. हात घातलाच असेल तर धुवा आणि त्याच दिवशी लस-सिरमसाठी जा. अशा म्हशीचं दूध आधी प्यायल्याचं कळलं की अख्खं गाव घाबरतं. तापवलेल्या दुधातून रेबीज होत नाही. निरसं दूध प्यायलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं, पण यापुढे ते दूध डेअरीला घालू नये.

"झाडपाल्याने आमच्या गावात सगळे बरे झाले"

हे सांगणारे खोटं बोलत नाहीत. चावणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना रेबीज नसतो. शंभर जणांनी पाला खाल्ला आणि त्यातल्या बहुतेकांना चावलेलं कुत्रं निरोगीच होतं, तर त्यांनी काहीही खाल्लं असतं तरी ते वाचलेच असते. पाल्याची खरी परीक्षा होते ती ज्याला खरंच पिसाळलेलं कुत्रं चावलं त्याच्यावर, आणि तो माणूस सांगायला उरत नाही.

"सगळी कुत्री मारून टाका, प्रश्नच मिटेल"

मुलं जखमी झालेल्या गावात हा राग येणं स्वाभाविक आहे. पण कुत्री मारली की मोकळ्या जागेत शेजारची, लस न घेतलेली कुत्री येतात, आणि कचरा व खरकटं तसंच असेल तर नवी पिल्लंही जगतात. शिवाय मारताना लस घेतलेली कुत्रीही जातात, म्हणजे संरक्षण उलट कमी होतं. आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांसाठी वाट आहे ती नसबंदी आणि लसीकरणाची.

एखाद्या भागातल्या साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते, कारण पिसाळलेलं कुत्रं ज्यांना चावेल त्यातली बहुतेक सुरक्षित असतात. शेजारच्या गोव्यात 2013 ते 2019 या काळात हेच करून दाखवलं गेलं. 70 टक्क्यांपर्यंत लसीकरण, सोबत शाळांमध्ये शिकवणं आणि पिसाळलेल्या कुत्र्यांवर नजर. कुत्र्यांमधला रेबीज महिन्याच्या हिशेबाने 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले.

नसबंदीने कुत्र्यांची संख्या आटोक्यात येते, लसीने रेबीज. कानाचं टोक कापलेलं कुत्रं म्हणजे नसबंदी झालेलं. पण त्याला तेव्हा दिलेली लस वर्षाने पुन्हा लागते, त्यामुळे कान बघून इंजेक्शन टाळू नका.

ज्यांचा मुक्काम हलतो

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरतात. खोपीत दार नसतं, पहाटे आई-बाप तोडीला जातात, मुलं मागे राहतात आणि आसपास कुत्री असतात. अशा मुलाला कुत्रं चावलं तर पहिलं इंजेक्शन होतं, पण 28 व्या दिवसापर्यंत टोळी दुसऱ्या फडात, कधी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते आणि शेवटचा डोस राहतो. राहिलेला डोस कुठल्याही सरकारी दवाखान्यात घेता येतो, पहिल्याच ठिकाणी परत यावं लागत नाही. मुकादमाने किंवा शेतकऱ्याने केसपेपरचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये आणि मुलाच्या बापाच्या फोनमध्ये ठेवावा, त्यावर पुढच्या तारखा मोठ्या अक्षरात लिहून घ्याव्यात. मेंढरं घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी कळपाबरोबरच्या कुत्र्यांना निघायच्या महिनाभर आधी लस टोचून घ्यावी, म्हणजे वाटेला लागताना तिचं संरक्षण तयार असतं. जी माणसं रोज कुत्री हाताळतात, जसे पशुवैद्यक, त्यांचे मदतनीस, कुत्री पकडणारे कर्मचारी, त्यांना चावायच्या आधीच 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी लस घेऊन ठेवता येते. पुढे कधी चावलं तर त्यांना सिरम शोधत फिरावं लागत नाही, जखम धुऊन दोन डोस घेतले की झालं.